मूकपटातली तोंडाळ

कंपनीच्या पोस्टरवर तिचं नाव 'बावळी' असं छापलेलं असायचं, आणि ते नाव ठेवणाऱ्याची अक्कल तिने पहिल्याच दिवशी ओळखली होती. तिच्या मते बावळे होते ते बाकीचे सगळे. त्यांच्यात राहून पोट भरायचं तर आपणच बावळेपणाचं सोंग घ्यावं, म्हणजे त्यांना संशय येत नाही, एवढा साधा तिचा हिशोब होता.

तिची आई हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात कामाला होती. मुलगी हाताशी आली तशी तीही तिथेच लागली. वाफेने कोंदलेली लांबलचक खोली, भिंतींवरून ओघळणारं पाणी, आणि दोन तापल्या रुळांमधून चादर ओढून घेणारं यंत्र. यंत्राच्या या टोकाला आई, त्या टोकाला लेक. यंत्रांच्या धडधडाटात काही ऐकू यायचं नाही, म्हणून तिथल्या बाया ओठ मोठमोठे हलवून बोलत. आवाज काढायची गरजच नव्हती. मुकादम समोर आला की त्याच्याकडे बघून गोड हसायचं आणि हसता हसता ओठांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, हे तिथलं पहिलं शिक्षण. मुकादमाला वाटायचं, बाया आपल्यावर खूश आहेत. पुरुषांना असं वाटून घ्यायला फार काही लागत नाही, हे तिला तेव्हाच कळलं.

एक दिवस कारखान्याच्या अंगणात सिनेमा कंपनी आली. वाळत घातलेल्या चादरींमधून चोर पळतो, मागून शिपाई धावतो, आणि चोराला बघून एक मुलगी घाबरून साबणाच्या टाकीत पडते, असा प्रसंग होता. पडायला आणलेल्या नटीने टाकीतलं पाणी बघितलं, नाक मुरडलं आणि ती गाडीत जाऊन बसली. दिग्दर्शक हातात पत्र्याचा कर्णा घेऊन अंगणभर बोंबलत फिरत होता. समोरच्याच्या नाकाशी उभा असला तरी तो कर्ण्यातूनच बोलायचा, त्यामुळे बायांनी त्याचं नाव तिथल्या तिथे 'कर्ण्या' ठेवून टाकलं. कर्ण्याने बायांच्या घोळक्यावरून नजर फिरवली आणि हिच्याकडे बोट केलं.

"ए, तू! पडशील का टाकीत?"

ती पडली. पण पडता पडता शेजारी मिशीला पीळ देत उभ्या असलेल्या मुकादमाचा हात तिने असा धरला, की तोही मिशीसकट आत गेला. कर्ण्याला हसता हसता ठसका लागला. कर्ण्यातून ठसका म्हणजे काय, गावभर ऐकू गेला.

"पुन्हा पड!" तो ओरडला.

"मुकादम पुन्हा येणार असेल तर पडते," ती म्हणाली.

आईला जेव्हा कळलं की मुलगी आता सिनेमात पडणार, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पडायची नोकरी असते होय? मग आम्ही इतकी वर्षं उगाच उभ्याने राबलो."

कंपनीचा स्टुडिओ म्हणजे काचेच्या छपराची एक शेड. उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची आणि तोंडावर चोपडलेला पांढरा रंग गळ्यापर्यंत वाहत यायचा. मालक पूर्वी छत्र्यांचा धंदा करायचा. सिनेमा आणि छत्री यांत त्याला काडीचा फरक वाटत नव्हता: दोन्ही उघडायचं, लोकांनी खाली यायचं, मग मिटायचं. कर्ण्या स्वतःला कलावंत समजायचा आणि मालकासमोर गोगलगाय व्हायचा. नायकाचं काम करणारा राजबिंडा होता, त्याची एकच बाजू देखणी होती, डावी. त्यामुळे तो आयुष्यभर उजवीकडून आत आला आणि त्याने डावीकडे बघत प्रेम केलं. नायिका कोणीही असो, तो तिच्या खांद्यावरून पलीकडच्या आरशात बघायचा. या माणसावर शहरातल्या पोरी जीव टाकतात हे ऐकल्यावर पोरींबद्दलही तिचं मत खाली गेलं.

त्या शेडमध्ये एकाच माणसाला नावं ठेवायला तिला जागा सापडेना, आणि याचा तिला राग यायचा. तो ढोल्या. पाव-बिस्किटांच्या भट्टीवर काम करून आलेला, दारात मावणार नाही असा लठ्ठ गडी. पण जिन्यावरून गडगडत आला तर खाली पोचेपर्यंत पायऱ्यांना पत्ता लागायचा नाही, इतका हलका पडायचा. तिला पडायला त्यानेच शिकवलं.

"अंग आवळू नकोस," तो सांगायचा. "पडताना श्वास सोडून द्यायचा. ताठ माणूस मोडतो."

"म्हणजे राजबिंडा कधी मोडणार?"

"त्याच्या आत मोडण्यासारखं काही नाही गं."

'बावळी आणि ढोल्या' ही जोडी बघता बघता चालली. ती घरकाम करणारी पोरगी, तो तिच्यावर लट्टू झालेला सामान वाहणारा हमाल. ती खळीच्या बादलीत पाय घालून घरभर पांढरी पावलं उमटवायची, तो ती पुसायला जाऊन स्वतःच भिंतीला चिकटायचा. लोक पोट धरून हसायचे. ती पडद्यामागच्या फटीतून त्यांना बघायची. तेच लोक, घरी मोलकरणीच्या हातून पेला फुटला तर तिला हाकलून देणारे. इथे तिकीट काढून हसत होते.

आवाज नव्हता, हे या धंद्यातलं एकच सुख. कॅमेऱ्यासमोर काय बोलायचं ते कोणी ठरवून देत नसे. मागाहून दोन दृश्यांमध्ये पाटीवर वाक्य छापून घालत. मग तिने कारखान्यातली जुनी सवय चालू ठेवली. प्रसंग असायचा राजबिंड्याला चहा द्यायचा. पाटीवर यायचं, 'साहेब, साखर किती घालू?' आणि ती खाली मान घालून, लाजत, ओठांनी म्हणायची, "आधी डोक्यात भुसा किती आहे ते सांग, त्यावर साखर ठरवते." कर्ण्या समोर उभा राहून ओरडायला लागला की त्याच्याकडे भक्तिभावाने बघत ती म्हणायची, "मेल्या, तुझ्या कर्ण्याला निदान दोन्हीकडून भोक आहे. तुझ्या डोक्यात कुठूनच काही शिरत नाही." हँडल फिरवणारा कॅमेरावाला मान खाली घालून खदखदायचा. कर्ण्या खूश व्हायचा. "काय भाव आणलास चेहऱ्यावर!"

असं बराच काळ चाललं. मग एक दिवस मालकाने तिला खोलीत बोलावून घेतलं. आत करड्या केसांच्या एक बाई हातमोजे मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या. त्या बहिऱ्या मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. कर्ण्याही होता, खिडकीशी.

"या बाईंची तक्रार आहे," मालक म्हणाला. "यांच्या शाळेतली मुलं दर शनिवारी आपला सिनेमा बघायला येतात. तिसरी रांग त्यांचीच असते."

"मुलं भलत्या ठिकाणी हसतात," बाई म्हणाल्या. "सगळं थिएटर गप्प असतं, तेव्हा आमची रांग लोळत असते. मला कळेना. मग मी शेजारी बसून नीट बघितलं. आमची मुलं ओठ वाचतात, साहेब. आणि या मुलीचे ओठ म्हणजे फळ्यावर काढलेली अक्षरं आहेत."

मालकाच्या डोक्यात अजून उजेड पडला नव्हता. "मग? काय म्हणते ती?"

बाईंनी घसा साफ केला आणि वर्गात कविता म्हणून दाखवावी तशा सुरात, एकही शब्द न गाळता, म्हणायला सुरुवात केली. भुसा झाला. कर्णा झाला. मग मालकाची पाळी आली: "'याचं पोट आणि याची छत्री, दोन्ही पाऊस नसताना उघडी.' हे लग्नाच्या मेजवानीच्या प्रसंगात आहे." दाराबाहेर काहीतरी जड भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. तो ढोल्या होता. त्याला हसू उभ्याने पेलवलं नव्हतं.

मालक जांभळा पडला. "बाई, मी हात जोडून माफी मागतो. आजपासून हिचं तोंड बंद."

"बंद कशाला?" बाई म्हणाल्या. "मी मुलांना चांगली भाषा शिकवते, म्हणून दोन-तीन शब्द टाळावेत एवढंच सांगायला आले होते. ते कोणते, हे मी तिला एकटीला सांगेन. बाकी चालू दे. मुलं आठवडाभर शनिवारची वाट बघतात."

त्या दिवसापासून तिच्या मनाचा एक कोपरा लोकांच्या बाबतीत मऊ झाला, तोही फक्त तिसऱ्या रांगेपुरता. कर्ण्याने मात्र दात धरला. पाटीवरचंच वाक्य बोलायचं, असा त्याने हुकूम सोडला. ती पाटीवरचं वाक्य बोलायची आणि मग पुढे आपलं एक जोडायची. कर्ण्या आता तिच्या ओठांकडे डोळे बारीक करून बघत बसायचा, पण ओठ वाचायला समोरच्याकडे लक्ष द्यावं लागतं, आणि ती सवय त्याला कधी नव्हती.

पुढच्या वर्षी घर बदलण्याचा एक सिनेमा निघाला. ढोल्या वरच्या मजल्याच्या सज्ज्यावर कपाट घेऊन येतो, कठडा मोडतो, आणि कपाटासकट तो खाली येतो. ती खालच्या खिडकीत खळीची बादली घेऊन उभी. सज्ज्याखाली पेंढा आणि त्यावर जाड गादी घातली होती. कर्ण्याने कॅमेऱ्यातून बघितलं.

"गादीची कड दिसते. सरकवा ती मागे."

"मागे सरकवली तर तो कशावर पडणार?" तिने विचारलं.

"पेंढा आहे ना."

"पेंढ्याखाली फरशी आहे."

"लोकांना गादी दिसली तर ते हसत नाहीत," कर्ण्या म्हणाला, तिला नव्हे, कर्ण्यातून सगळ्या शेडला. "ढोल्या, तुला काही अडचण?"

ढोल्याने वरून खाली बघितलं. जरा वेळ बघितलं. मग नेहमीसारखा हसला. "मला काय? चालेल."

तो पडला. पडताना त्याने श्वास सोडला असेलही, पण कपाटाला ते कोणी शिकवलं नव्हतं. ते त्याच्यावर आलं. आवाज फार मोठा झाला नाही. ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकली आणि कॅमेऱ्याकडे बघून किंचाळली, "थांबवा! पाठ मोडली त्याची! अरे मेल्यांनो, उचला त्याला!" कॅमेरावाल्याने हँडलवरचा हात काढायला घेतला तर कर्ण्या ओरडला, "फिरव, फिरव! चेहरा बघ तिचा!"

ढोल्याला दवाखान्यात नेलं. कमरेखाली पाय होते तसे राहिले, पण आता ते त्याचे नव्हते.

आणि सिनेमा लागला. मालकाने तारीखसुद्धा पुढे ढकलली नाही. ती शनिवारी दुपारी मागच्या रांगेत जाऊन बसली, डोक्यावर ओढणी घेऊन, कोणी ओळखू नये म्हणून. सज्ज्याचा प्रसंग आला. कठडा मोडला, ढोल्या आला, कपाट आलं, आणि थिएटर फुटलं. माणसं खुर्च्यांवर थापा मारत होती. मग पडद्यावर तिचा चेहरा, खिडकीतून वाकलेला, तोंड वासून किंचाळणारा. लगेच पाटी: 'अगंबाई, माझी फुलदाणी!' हशाची दुसरी लाट आली, पहिलीपेक्षा मोठी.

तिसरी रांग गप्प होती. रांगेतली सगळी डोकी पडद्याकडे लागलेली, एकही हलत नव्हतं. मग एक लहान मुलगी उठून उभी राहिली, मागे वळली, आणि हसणाऱ्या सगळ्या लोकांकडे बघत राहिली. तिने हात स्वतःच्या पाठीवर नेला आणि मागच्या रांगेतल्या एका माणसाला काहीतरी खुणेने विचारलं. त्या माणसाने हसता हसता डोळे पुसले आणि तिला खाली बसायची खूण केली. मागच्यांना दिसत नव्हतं.

इतके दिवस ती लोकांना नावं ठेवत आली होती ती तोंडाची चव म्हणून. त्या दुपारी तिला त्यांची खरोखरची किळस आली.

ती तशीच मालकाकडे गेली. कर्ण्याही तिथेच होता, खुर्चीत रेलून.

"तो तुकडा कापून टाका."

"वेड लागलंय का?" मालक म्हणाला. "तिथेच तर सगळ्यात जास्त हसतात."

"उलट त्याचं नाव होतंय," कर्ण्या म्हणाला. "असं पडणं परत होणे नाही."

"ते खरं," ती म्हणाली, आणि आणखी काही बोलली तर हात उचलला जाईल म्हणून बाहेर पडली.

ढोल्या दवाखान्यात भिंतीकडच्या खाटेवर होता. ती स्टुलावर बसली. त्याने आधी तिचा चेहरा बघितला, मग विचारलं, "पडलो कसा?"

तिने त्याच्या पायांवरची चादर सारखी केली.

"लोक हसले का?"

"हसले."

"खूप?"

"खूप."

त्याने समाधानाने डोळे मिटले. हे बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे गाढवा, तुला पाठीचा कणा राहिला नाही, आणि तू हशा मोजतोस?"

"आधी तरी कुठे होता?" तो डोळे न उघडता म्हणाला. "असता तर गादी सरकवू दिली असती का?"

तिने त्याची उशी नीट केली, गरजेपेक्षा जोरात. 

पुढच्या सिनेमाचं काम सुरू झालं तेव्हा तिला एका नव्या हमालासोबत उभं केलं. तिने शिडीवरून चिखलात पडायचं होतं. ती शिडीवर चढली, हाताची घडी घातली आणि नुसती उभी राहिली.

"पड!" कर्ण्या ओरडला.

"तूच पड." कॅमेऱ्याबाहेर ती त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हणाली, आणि आवाज काढून. शेडमधल्या सुतारांनी हातोडे थांबवले. ती शिडीवरून एक एक पायरी नीट उतरली, तोंडावरचा रंग राजबिंड्याच्या टॉवेलला पुसला आणि आईकडे गेली. राजबिंड्याला दुःख झालं ते टॉवेलचं.

आईची कारखान्यातली नोकरी सुटली होती. खालच्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीला रस्त्याकडे दार होतं. तिथेच मायलेकींनी इस्त्रीचं दुकान मांडलं. ढोल्याला दवाखान्यातून आणून टेबलामागे बसवलं. आईने एक दिवस तिला बाजूला घेतलं.

"शेजारीपाजारी विचारतात. नातं काय तुमचं? काय सांगू?"

"सांग, घरात एक कपाट होतं, त्यासोबत आला."

ढोल्या गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा, नकला करायचा, आणि ती मागे कोळशाच्या इस्त्रीवर पाण्याचा शिपका मारत गिऱ्हाइकांच्या कॉलरींवरून त्यांची पत ठरवायची. "हा वकील मान धूत नाही." "या मास्तरच्या बाह्या बघ, कोपराला झिजल्यात. पोरं शिकताहेत आणि हा टेबलावर झोपतोय." कोणी विचारलंच, बाई, तुम्ही सिनेमातली ती बावळी का, तर ती म्हणायची, "बावळी घरोघर असते. तुमच्याकडे कोण आहे ते बघा."

मग पडदा बोलायला लागला आणि कंपनीचं दिवाळं वाजलं. राजबिंड्याने तोंड उघडलं तर आतून मांजराच्या पिल्लाचा आवाज आला, डाव्या बाजूनेही तसाच. मालक छत्र्यांकडे परत गेला. कर्ण्याला तर कोणी उभं करेना, कारण आता काम चालू असताना ओरडायची सोयच उरली नव्हती. एका नव्या कंपनीला मात्र या बाईच्या जिभेची गोष्ट ऐकून माहीत होती. त्यांनी माणूस पाठवला: खाष्ट सासूची कामं आहेत, या.

"नाही," ती म्हणाली, आणि इस्त्री आपटली.

माणूस गेल्यावर ढोल्या तिच्यावर चिडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "तुला मालकाचा तिटकारा, कर्ण्याचा तिटकारा, बघणाऱ्यांचा तिटकारा. स्वतःचा कधी येतो का?"

"रोज सकाळी. सगळ्यात आधी."

"मग लोकांना काय शिक्षा करतेस? मला पडता येत नाही म्हणून तू बोलायचं नाही, हा कुठला न्याय? मला बसल्या बसल्या इस्त्रीचा धूर खायला लावतेस, वर माझ्याच नावाने रुसतेस."

तिने दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी डोक्यावर ओढणी घेतली आणि त्या कंपनीत गेली. अट एकच घातली: पडणार नाही, आणि कोणाला पडायला लावणारा प्रसंग आपल्यासमोर घ्यायचा नाही. चार बोलपटांत तिने कामं केली, चारही सुमार होते. त्यांतली तिची वाक्यं कोणी विद्वानाने लिहिलेली असायची आणि ती तोंडात वाळूसारखी लागायची. "ही सासू आहे की सरकारी जाहीरनामा?" ती लेखकाला विचारायची. लोकांना ती आवडली, मग कंटाळा आला. पाचव्यासाठी कोणी बोलावलं नाही. तिने त्याचं वाईट वाटून घेतलं नाही, म्हणजे घेतलं, पण ते दोन-चार दिवस ढोल्याच्या जेवणात मीठ जास्त पडण्यापलीकडे कोणाला कळलं नाही.

आई गेली. नंतर काही वर्षांनी ढोल्याही गेला. हिवाळ्यात छातीत कफ साठला आणि उतरलाच नाही. शेवटच्या सकाळी ती त्याची दाढी करत होती. फेसाने माखलेल्या तोंडाने तो म्हणाला, "पांढरा रंग बरा लागलाय का?" ती म्हणाली, "बोलू नकोस, कापेल." दुसरा गाल पुरा व्हायच्या आत तो गेला. तिने तो गालही नीट पुरा केला, तोंड पुसलं, आणि मग वस्तरा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. दुपारी कोणीतरी दार ठोठावत राहिलं. तिने उघडलं. झिजल्या बाह्यांचा मास्तर होता.

"काल शर्ट मिळणार होते," तो म्हणाला. "मला समारंभाला जायचंय. दुकान असं न सांगता बंद ठेवायचं म्हणजे..."

तिने आत जाऊन टोपलीतले त्याचे शर्ट उचलले, इस्त्रीसाठी पाणी मारून गुंडाळलेले, गार आणि ओले, आणि सगळा गोळा त्याच्या छातीशी दिला. त्याने काही म्हणायला तोंड उघडलं. आत टेबलामागची खुर्ची रिकामी होती, ती त्याला दिसली असावी, कारण त्याने तोंड पुन्हा मिटलं.

"समारंभाला ओलेच घाला," ती म्हणाली. "तुमच्याकडे कोणी बघत नाही."

तिने दार लावून घेतलं आणि चुलीवर पाणी ठेवलं.